पाय रुंद, टाच बारीक: अवघड पायांसाठी फॉर्मल बूट कसा निवडावा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘कौनसा नंबर?’ आपण आठ म्हणतो आणि तिथेच गडबड सुरू होते. नंबर फक्त लांबी सांगतो. बूट चावतो तो बहुधा चवड्यावर, म्हणजे बोटांच्या मुळाशी पाऊल सर्वांत रुंद असतं तिथे. त्यामुळे ज्यांचा चवडा पसरट, पाऊल वरून उंच किंवा टाच अरुंद आहे, त्यांनी नंबर विसरून घरूनच माप नेलेलं बरं.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जमिनीवर कागद भिंतीला टेकवून ठेवा, त्यावर टाच भिंतीला लावून उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कोणाकडून कड आखून घ्या. स्वतः वाकून आखलीत तर भार सरकतो आणि माप खोटं येतं. दोन्ही पाय आखा. ते क्वचितच सारखे असतात. मग शिंप्याची टेप चवड्याभोवती फिरवून घेर लिहा. मोठ्या पायाचा आकार कात्रीने कापून खिशात ठेवा. दुकानात तो बुटाच्या तळाशी लावून बघायचा. चवड्याशी कागद तळाबाहेर डोकावत असेल, तर तो जोड पायात घालायच्या भानगडीतही पडू नका.

इंदुरात खरेदी राजवाड्याजवळ करा नाहीतर एम. जी. रोडवर, पण संध्याकाळीच. सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, खायला जायच्या आधीची वेळ उत्तम. बुटावर घालणार तेच पातळ मोजे बरोबर न्या. दुकानातल्या चुरगळलेल्या मोज्यावर निर्णय घेऊ नये.

आता मुख्य तपासणी. लेस बांधून उभे राहा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी (सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही). पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बूट कुठे वाकतो. चालताना पाऊल चवड्यावर मुडपतं आणि बूटही नेमका तिथेच मुडपायला हवा. सारख्या लांबीच्या दोन पायांत एकाची बोटं लांब, दुसऱ्याची आखूड असू शकतात. मग एकच नंबर एकाला बसतो आणि दुसऱ्याला टोचतो.

चवडा आवळला की दुकानदार एक नंबर मोठा काढतो. हा उपाय मला साफ नापसंत आहे. ब्रिटिश मापात, जे आपल्याकडे सर्रास चालतं, एका नंबरने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी मात्र थोडीच. चवडा तसाच अडकलेला राहतो, वाकण्याची जागा पुढे सरकते आणि टाच दर पावलाला वर येते. त्याऐवजी त्याच नंबरात रुंद फिटिंग मागा. ब्रिटिश पद्धतीत पुरुषांच्या बुटांत एफ नेहमीची रुंदी, जी रुंद आणि एच त्याहून रुंद. आपल्याकडे पुष्कळ डब्यांवर हे छापलेलं नसतं, तरी विचारायला लाजू नका.

पाऊल वरून उंच असेल तर बुटाची जात बदला. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या पट्ट्या खालून शिवून बंद केलेल्या असतात. उंच पावलावर त्या फाकलेल्याच राहतात आणि वरची शीर दुखते. डर्बीत त्या मोकळ्या उघडतात, म्हणून जागा मिळते. लग्नात ऑक्सफर्डच शोभतो हा हट्ट सोडावा. शेरवानीखाली तुमची लेस कोण बघतंय? उलट, पट्ट्या एकमेकींना पूर्ण भिडूनही बूट सैल वाटला, तर जिभेच्या आतून पातळ पॅड चिकटवून घ्या. सपाट तळव्यांना कमानीचा उंच फुगवटा असलेला बूट टोचतो, तेवढं पाहा.

‘दो दिन में खुल जाएगा’ हे अर्धं खरं आहे. अस्सल चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. रेक्झिनवर तर विसंबूच नका. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलं असेल, तर मोची बूट फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) चढवून चामड्याला तेवढ्याच जागी फुगवटा देऊ शकतो. टाच सैल असेल तर आतून मऊ पट्टी लावता येते. लहान पायाच्या बुटात एक जादा सोल टाकला की दोन्ही पायांतला फरक भागतो. बोटं पुढे टेकत असतील तर मात्र तो जोड परत ठेवा, तिथे कोणाचंच कसब चालत नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी आधी डॉक्टरांना पाय दाखवावेत. त्यांना चावलेलं कळतही नाही.

बिल आणि डबा जपून ठेवा आणि पहिले काही दिवस नवा जोड घरातल्या स्वच्छ फरशीवरच वापरा. तळ कोरा राहिला तर बदलून मिळण्याची आशा असते. टाच उचलली जाते की नाही, हेही जिना चढता-उतरताना कळतं.