कॉम्प्रेसरची गळती कशी मोजावी

पाच जूनला, पर्यावरण दिनी, गेटपाशी रोप लावून आणि कॅन्टीनमध्ये ‘वीज वाचवा’ चिकटवून वीजबिल उतरत नाही. आमच्या भोसरीच्या शेडमध्ये दोन्ही करून झालं होतं. बिल उतरलं ते कॉम्प्रेसरनं दाबून लाइनमध्ये सोडलेल्या हवेची गळती मोजल्यावर. ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक असेल तर साधारण ३ किलोवॅट वीज नुसती फुसफुसत जाते. कॉम्प्रेसर चोवीस तास चालू असेल तर महिन्याला दोन हजारांवर युनिट!

मोजायला रविवार धरा. सगळी मशीन बंद, कॉम्प्रेसर चालू. तो किती सेकंद लोडवर (म्हणजे हवा भरत) असतो आणि किती सेकंद अनलोडवर (म्हणजे हवा न भरता), हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर टिपा. लोडच्या वेळेला दोन्ही वेळांच्या बेरजेनं भागा, शंभरनं गुणा. ४० सेकंद लोड आणि ८० अनलोड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या तेहतीस टक्के हवा गळतीत. व्हीएफडी कॉम्प्रेसरला, म्हणजे गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणाऱ्याला, हा हिशेब चालत नाही.

इथेच मी फसलो होतो. ‘मशीन बंद’ म्हणताना प्रत्येक मशीनचा हवेचा व्हॉल्व्हही फिरवून टाकला. उत्तर आलं आठ टक्के. मालकांना ऐटीत सांगितलं, आपली लाइन ठणठणीत! गळती बहुतेक व्हॉल्व्हच्या पुढेच असते: नळीच्या क्लिपमध्ये, कपलरमध्ये (नळी जोडायचा चटकन निघणारा जोड), एफआरएलच्या (हवेचा फिल्टर, दाब-नियंत्रक आणि तेल देणारा भाग) वाटीखाली. मी तीच बाजू तोडून मोजत होतो. पुढच्या रविवारी व्हॉल्व्ह उघडे ठेवले आणि तोच आकडा एकतीसवर गेला. तेव्हा व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, फक्त काम थांबवायचं. लोड-अनलोडच्या एकाच फेरीवर विसंबू नका, निदान पाच फेऱ्यांची सरासरी घ्या. आणि आधी सगळ्या एअर गन हुकवर आहेत का ते बघा. एकीचा खटका अडकलेला असला तरी आकडा फुगतो.

भोकं शोधायला महागडं यंत्र लगेच घेऊ नका. रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना विचारा. आमच्या काकांनी अंधारात उभं राहून सात जागा दाखवल्या, ‘इथे रोज साप बोलतो’ म्हणून. दोन वर्षं ऐकत होते, पण विचारलं कुणी नव्हतं. प्रत्येक जागी साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की लाल चिंधी बांधा.

दुरुस्ती मेन्टेनन्सवाला करेल. ती झाली की दाब थोडा थोडा उतरवत न्या, मशीन कुरकुरेपर्यंत; १ बार उतरला तर सहा-सात टक्के वीज वाचते. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. कपलर तोवर सैल झालेले असतातच.