पिस्टनवर ब्लॉक परत कसा घालायचा

स्प्लेंडरसारखं शंभर सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन घरच्या पडवीत खोलायला फारसं काही लागत नाही, पण जोडायला बसलात की दोन हात कमी पडतात, त्यातही सगळ्यात चिडचिड करायला लावणारं काम म्हणजे पिस्टनवर ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्याच्या आत वरखाली होतो ते सिलिंडर, परत घालणं. माझं विचाराल तर यात ताकद लागतच नाही, लागली तर समजायचं आत काहीतरी अडकलंय.

आधी जागा साफ करा. आमच्या गोव्यात डिचोलीकडे खनिजाचे ट्रक चालू असले की तांबडी धूळ बंद घरातसुद्धा येते, ती बोअरमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या भोकात, गेली तर पिस्टनवरच्या नव्या रिंगा घासून जातील. क्रँककेसच्या, म्हणजे ब्लॉक ज्याच्यावर बसतो त्या खालच्या पेटीच्या, तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, मगच मधलं जुनं पॅकिंग काढा, आणि ते स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, अ‍ॅल्युमिनियमवर चर पडली की तिथूनच ऑईल झिरपतं. जुन्या एटीएम कार्डाची कड बरी पडते. पॅकिंग नवीनच घ्या, आणि खालचे दोन बुश, म्हणजे ब्लॉक जाग्यावर धरणाऱ्या छोट्या नळ्या, जाग्यावर आहेत ना बघा.

पिस्टनवर 'आयएन' लिहिलेलं असतं, ती बाजू कार्बोरेटरकडे. पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी गजन पिन सरकवून तिला धरणारा तारेचा लॉक घाला, लॉक पण नवा, जुना परत वापरायचा नाही. तो उडतो म्हणून वर अंगठा धरा, आणि उडालाच तर खाली फडकं आहेच, नाहीतर तो क्रँककेसमधून शोधत बसायची वेळ येईल. लॉकचं उघडं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका.

आता रिंगा. खुणेची बाजू वर, आणि रिंगांची तोंडं एकाखाली एक न ठेवता साधारण १२० अंशांवर फिरवून ठेवा. पिस्टनला आणि बोअरला इंजिन ऑईलचा हात फिरवा. यानंतरची युक्ती महत्त्वाची, दोन सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या घेऊन कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही बाजूंना क्रँककेसवर ठेवा आणि मॅग्नेट, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं क्रँकवरचं चाक, हळू फिरवून पिस्टन त्यांच्यावर टेकवा, म्हणजे तो डुगडुगत नाही. वरचा कॅम फिरवणाऱ्या टायमिंग चेनला तार बांधून ब्लॉकच्या पोकळीतून वर ओढून घ्या, ही तार कोणालातरी धरायला सांगा, घरात पोर मोकळं असेलच.

ब्लॉक सरळ खाली आणा. बोअरच्या खालच्या कडेला थोडा उतार असतो, तिथे वरची रिंग दोन्ही हातांच्या नखांनी आत दाबायची आणि ब्लॉक जरासा हलवत खाली सोडायचा, रिंग आत गेली की पुढची. सगळ्यात खालच्या ऑईल रिंगच्या पातळ पट्ट्या जास्त त्रास देतात, त्यांच्याकडे खालून बघत राहा. अडकलं तर वरून हातोडीने ठोकायचं नाही, ब्लॉक वर उचला, कुठली रिंग बाहेर राहिलीय ते बघा, कारण रिंगा ठिसूळ असतात, कट्‌ करून तुटतात. तिन्ही रिंगा आत गेल्या की लाकडी पट्ट्या आणि फडकं काढून ब्लॉक पूर्ण बसवा. फडकं आत विसरणारे पण असतात.

हेड, म्हणजे ब्लॉकवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, बसवताना मॅग्नेटवरची 'टी' खूण बघायची, ती पिस्टन अगदी वर असल्याची, शेजारची 'एफ' नाही, ती इग्निशनची. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या गियरची खूण जुळवा आणि नट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा, शेवटचा जोर मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच. हरमल-कळंगुटच्या बाजूला खाऱ्या हवेने स्टडचे, म्हणजे हे नट बसतात त्या सळ्यांचे, आटे गंजतात, तिथे नट हाताने फिरतोय का आधीच बघून घ्या.

कार्बोरेटरचं रबर कडक झालं असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग आतून साबणाचं पाणी लावून हवेच्या फिल्टरचा डबा ढिला करून बसवा. क्लॅम्पचा स्क्रू पाना पोचेल अशा बाजूला ठेवा, हे आधीच बघितलं नाही तर सगळं परत काढावं लागतं.

किक मारण्याआधी ऑईल भरा, प्लग काढून ठेवा आणि मॅग्नेटचा नट टी-पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. मध्येच टणक अडलं तर जोर करू नका, टायमिंग चुकलंय, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय, परत खूण बघा.