जुन्या गोठ्यात वाफेची छोटी रेल्वे: तयारी

इंग्लंडमध्ये शेतावरचे जुने गोठे आणि कोठारं घेऊन तिथे एकमेकांपासून सव्वासात इंचांवर असलेल्या रुळांवर वाफेची गाडी चालवायची ठरवली असेल, तर पहिलं काम वटवाघळांची पाहणी. आराखडा नंतर, इंजिन त्याहून नंतर. गेल्या वेळी आमचं नेमकं हेच राहिलं. संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळं मोजायची ती मे ते सप्टेंबरातच. आमच्या लक्षात आलं ऑक्टोबरात, म्हणजे अख्खा हिवाळा छपराला हात लावता आला नाही. आणि कृपा करून ‘आम्हाला तर एकही दिसलं नाही’ म्हणू नका. वटवाघळांची राहायची जागा रिकामी असली तरी तिला कायद्याचं संरक्षण असतं. तुळईच्या खाचेखाली उंदराच्या लेंड्यांसारखं काही पडलेलं दिसलं, तर हातमोजे घालून चुरडून बघा. कोरडा भुगा झाला तर वटवाघळं. उंदराची लेंडी अशी भुगा होत नाही. मग तज्ज्ञाला बोलवा, आणि तोवर एक कौलही सरकवू नका.

परवानग्या लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. शेजारचं घर वारसा यादीत असेल तर मात्र त्याच्या आवारातलं १ जुलै १९४८ च्या आधीचं कोठारही त्यातच धरलं जातं, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. छपरावर सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे आहेत असंच धरून चाला. बंदी १९९९ मध्ये आली; गोठे त्याआधीचे. तपासून घेईपर्यंत ड्रिल लावू नका.

गोठ्याची फरशी फोडू नका. तिला गटारीकडे उतार असतो, आणि बॉयलरमधलं गाळाचं पाणी सोडायला तोच हवा. इंजिन पेटवायची जागा मात्र बाहेर, कमरेएवढ्या उंच ओट्यांवर. आत कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. शिवाय वर वटवाघळं असतील तर धूर थेट त्यांच्या अंगावर जाणार. पुन्हा सांगते, पाहणीचा अहवाल हातात आल्याशिवाय धुराडं, झरोका, दिवा, कशाचीच जागा पक्की करू नका. आम्ही दिव्यांची वायरिंगसुद्धा आधी करून बसलो होतो. ती सगळी उपसावी लागली.

कोठाराचं छप्पर मोठं असतं. पागोळ्यांचं पाणी टाकीत घ्या. चुनखडीच्या मुलखातलं नळाचं पाणी बॉयलरमध्ये थर धरतं, पावसाचं नाही.

रूळ ॲल्युमिनियमचे घेतलेत तर सांध्यात फट जास्त ठेवा. उन्हात ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतात. चढ शंभरात एकच्या आसपास ठेवा. माथेरानच्या वाटेवरचा वीसात एक इथे डोक्यात आणू नका. माणसं भरलेले डबे ओढताना चाकं जागच्या जागी फिरतात. वळणं जमतील तेवढी मोठी.

नव्या बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी कामाच्या दाबाच्या दुप्पट, पुढच्या दीडपट. दाखला नसेल तर माणसं बसवायची नाहीत.

विमा, अग्निशामक, प्रथमोपचार, गाड्या लावायची जागा, शौचालय: हे तुम्ही करालच.