पास्ता मोजला, सॉस मोजायचा राहिला: मधुमेहात या चुका टाळा

गेल्या दिवाळीत लेक बेंगळूरहून आली आणि बेळगावात, वडगावच्या आमच्या घरात पहिल्यांदाच बाटलीतला पास्ता सॉस आला. सासूबाईंना मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. मी कोरडा पास्ता काट्यावर पन्नास ग्रॅम मोजून घेतला होता, म्हणून निर्धास्त होते. पहिला घास घेतल्यावर त्या म्हणाल्या, "काय घातलीस गं यात? गोडूस लागायलंय." लेक म्हणाली, "काही नाही आज्जी, टोमॅटोच की." दोन तासांनी मीटरवर २४१ आले.

रात्री बाटली हातात घेऊन बसले. शंभर ग्रॅमला कर्बोदकं १२ ग्रॅम, त्यातली साखर ९. आपण आमटी-रस्सा वाढतो तसा लेकीने दोन पळ्या सॉस वाढला होता, म्हणजे जवळजवळ दोनशे ग्रॅम. सॉसची २४ ग्रॅम कर्बोदकं झाली. पन्नास ग्रॅम पास्त्याची साधारण ३७. ताटात राहिलेला सॉस पुसायला दोन पाव, त्यांची आणखी चाळीसेक. बेरीज शंभराच्या वर गेली आणि त्यांना एका जेवणाला ४५ सांगितलेली आहेत. आपण चपात्या मोजतो, भात वाटीने घेतो, पण पातळ पदार्थाचा हिशोब कुणी धरत नाही. माझ्या मते घोळ होतो तो इथंच. सॉससुद्धा वाटीने घ्या, पाऊण वाटीच्या पुढे जाऊ नका, आणि पास्त्याबरोबर पाव ठेवूच नका.

बाटलीची फक्त पुढची बाजू वाचणं

पुढे 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेलं असलं तरी टोमॅटोची स्वतःची साखर असतेच, आणि दाटपणासाठी स्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनच केलेली पूड) घातलेलं असू शकतं. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या आकड्यात धरलं जात नाही, रक्तातली साखर मात्र झपाट्याने वाढवतं. म्हणून मागची यादी वाचा. ज्याचं वजन जास्त ते नाव आधी येतं, त्यामुळे साखर, लिक्विड ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप पहिल्या तीन-चार नावांत दिसलं तर बाटली परत ठेवा. एकूण कर्बोदकांचा आकडा बघा आणि तो किती ग्रॅमसाठी दिलाय तेही बघा. बीपी असेल तर सोडियमही बघा, दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे.

सॉस संपला म्हणून केचप ओतणं तर नकोच. एका मोठ्या चमच्यात जवळजवळ एक छोटा चमचा साखर असते.

आंबटपणा मोडायला गूळ-साखर

घरी सॉस करायला घेतला तेव्हा मीही हेच करणार होते. आमटीत गुळाचा खडा टाकायची सवय हाताला लागलेली असते. गणपत गल्लीत कडोलीकडचं माळवं घेऊन बसणाऱ्या मावशीनं आधीच सांगितलं होतं, "आक्का, हे टोमॅटो जवारी, गावठी हाय, आंबट असतंय. पूर्ण पिकलेलं घ्या." तिचं खरं निघालं. अर्धकच्च्या टोमॅटोचा आंबटपणा कितीही शिजवला तरी जात नाही.

आता मी असं करते. दोन कांदे बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं परतते, कडा तपकिरी होईपर्यंत. कांद्याचा स्वतःचा गोडवा तेवढ्यात येतो. मग लसूण आणि भिजवून वाटलेल्या दोन ब्याडगी मिरच्या, रंग सुरेख येतो आणि तिखट बेताचं राहतं. किलोभर टोमॅटो आणि चाळीस मिनिटं झाकण न ठेवता. पाणी आटतं तसा पातेल्याच्या कडेला तेलाचा तांबडा काठ दिसायला लागतो, तेव्हा बंद करायचं. त्यात ढब्बू मिरची, वांगं किंवा मशरूम भरपूर घालते. सहा माणसांना पुरतं आणि माणशी कर्बोदकं दहाच्या आसपास राहतात. घरचा सॉस म्हणजे शून्य साखर नव्हे, पण आत काय पडलंय ते ठाऊक असतं. बरोबर उकडलेलं अंडं, पनीर किंवा चिकनचा खिमा असू द्या.

पांढरा सॉस चालतो असं समजणं

गोड लागत नाही म्हणून तो निर्धोक नाही. कपभर दुधात १२ ग्रॅम कर्बोदकं असतात, दोन मोठे चमचे मैद्यात तेवढीच. शिवाय लोणी-चीजच्या चरबीमुळे अन्न सावकाश पचतं, दोन तासांचा आकडा छान दिसतो आणि साखर तीन-चार तासांनी चढते. असं जेवण झालं तर एकदा उशिराही तपासा. दोन तास धरायचे ते पहिल्या घासापासून.

पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा घ्या, दाताखाली किंचित कडक राहील इतकाच शिजवा. गचगचीत झाला की साखर लवकर चढते.

पास्ता खायचाय म्हणून आधीचं जेवण टाळणं किंवा आपल्या मनाने गोळी वाढवणं, हे दोन्ही करू नका. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरून हातपाय थरथरतात, घाम फुटतो. आणि किडनीचा त्रास असून पोटॅशियम वाढलेलं असेल तर टोमॅटो किती खायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

उरलेला सॉस मी वाटीच्या मापाने छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवते. सासूबाईंना पास्ता हवासा वाटला की एकच डबा निघतो.