पॅनक्रियाचा त्रास आहे आणि सांधेही दुखतायत? पेनकिलरच्या आधी हे बघा

मला क्रॉनिक पॅनक्रिअ‍ॅटायटिस (पॅनक्रियाची म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज) होऊन सात वर्षं झाली, एन्झाइमच्या (अन्न पचवणाऱ्या रसाच्या) कॅप्सूल रोज चालू आहेत, आणि तिसऱ्या वर्षी कंबर, मांड्या, गुडघे सगळंच दुखायला लागलं. खाली जेवायला बसले की उठताना भिंतीला हात लावावा लागायचा. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, वयोमानाने होतं म्हणाले (माझं वय तेव्हा ४१!) आणि पेनकिलर दिली. नंतर पोटाच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी करायला सांगितलं तर ८ आलं, २० च्या खाली म्हणजे कमतरताच.

म्हणून सांगते, आपल्या आजारात सांधेदुखीची सुरुवात बऱ्याचदा ताटापासून होते. पॅनक्रिया पुरेसं एन्झाइम बनवत नाही, मग तेल-तूप पचत नाही, आणि ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स चरबीबरोबरच शोषली जातात त्यामुळे तीही निघून जातात. डी कमी झालं की हाडं मऊ पडतात, मांडीचे स्नायू ढिले होतात, आणि आपल्याला वाटतं गुडघा गेला. जिना चढताना, खालून उठताना त्रास होत असेल तर व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि हाडांची घनता बघणारी डेक्सा टेस्ट करायची का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

आता कॅप्सूल. मी दोन वर्षं चुकीची घेत होते, जेवण झाल्यावर हात धुऊन, वर गरम चहा. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, आणि एका जेवणाला दोन-तीन असतील तर एक सुरुवातीला, बाकीच्या जेवता जेवता. साध्या पाण्याबरोबर गिळायची, चावायची नाही, आतले दाणे गरम वरणात किंवा चहात टाकायचे नाहीत कारण उष्णतेने एन्झाइम मरतं. डबा गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. दूध, शेंगदाणे, वडापाव असं मधलं खाणं असलं तरी कॅप्सूल लागते, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. संडास पांढरट, तेलकट, फ्लश करूनही न जाणारी होत असेल तर डोस पुरत नाहीये, डॉक्टरांना तसंच स्पष्ट सांगा, लाजू नका. कॅप्सूल डुकराच्या पॅनक्रियापासून बनतात, आमच्या घरी हे कळल्यावर सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, मग म्हणाल्या औषध आहे, घे बाई.

व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा लिहून दिलं असेल तर एकदाच घ्यायचं. रोज घेणारे लोक मी बघितलेत, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि त्यानेच पॅनक्रिया पुन्हा सुजू शकतो! पाकीट जेवणासोबत, कॅप्सूलबरोबर घ्या.

सांधेदुखीचं दुसरं कारण थेट या एन्झाइमच्या कॅप्सूलशी जोडलेलं आहे. मोठ्या डोसमध्ये या कॅप्सूलमुळे रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढू शकतं. रात्री अचानक पायाचा अंगठा लाल, गरम, चादर लागली तरी सहन होत नाही असं झालं तर गाऊट (युरिक अ‍ॅसिड सांध्यात साचून होणारी सूज) असू शकतो, युरिक अ‍ॅसिड तपासून घ्या. पण म्हणून कॅप्सूल स्वतःहून बंद करू नका, डोस डॉक्टरच ठरवतील. दारू तर या आजारात आणि गाऊटमध्ये दोन्हीकडे घात करते, सिगारेटही सोडाच.

खांदा आखडून केस विंचरता येईनासे झाले तर शुगर तपासा, पॅनक्रियाच्या आजारामुळे डायबिटीस होऊ शकतो आणि त्यात खांदा धरू शकतो.

पेनकिलरमध्ये पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, आणि इतर गोळ्यांमध्येही ती मिसळलेली असते म्हणून पाकिटामागचं नाव वाचा नाहीतर डबल होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने रोज खाऊ नका, पोटात अल्सर आणि किडनीला त्रास होतो, सांध्यावर जेल चालतं का ते विचारा. बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्या तर अजिबात नकोत, त्यात कधीकधी स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत बरं वाटतं आणि मागून शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात.

घोटे सुजलेत आणि नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी आल्यात तर वाट न बघता दवाखान्यात जा, पॅनक्रियाच्या एन्झाइममुळे असं क्वचित होतं. सांधा तापासकट सुजला तरी त्याच दिवशी.

व्यायाम मी सोपा करते, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, सुरुवातीला चार वेळा जमायचं, आता पंधरा वेळा. सकाळी थोडं चालणं. आणि वहीत तीन गोष्टी, काय खाल्लं, कॅप्सूल किती, कुठला सांधा दुखला. पुढच्या अपॉइंटमेंटला ती वही घेऊन जायची, डॉक्टरकडे पाच मिनिटंच असतात, त्यात आठवत बसायला वेळ नसतो.