मशीन थांबण्याआधी

पदवी घेऊन भोसरी एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात रुजू झालो, तेव्हा रात्री उशिरापर्यंत थांबणारा अभियंताच मन लावून काम करतो, अशी माझी ठाम समजूत होती. सकाळी साडेआठला सुरू झालेला दिवस रात्री आठपर्यंत ताणूनही हातातली प्रोसेस शीट (भाग कोणत्या क्रमाने, कसा बनवायचा याचा कागद) अर्धवटच राहत असे आणि त्याचे खापर मी कामाच्या बोज्यावर फोडून मोकळा होत असे. वेळ नेमका कुठे मुरतो, हे मला माझ्या टेबलावर नव्हे, तर एका सीएनसी लेथपाशी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या कातयंत्रापाशी कळले.

त्या लेथवर दिवसाआड नवा जॉब, म्हणजे वेगळ्या भागाचे काम, लावावा लागे आणि दर वेळी सेटिंगला, म्हणजे मशीन त्यासाठी तयार करण्याला, जाणारा वेळ कमी करा, एवढाच मला आदेश होता. घड्याळ आणि वही घेऊन मी शेजारी उभा राहिलो, तेव्हा वीस वर्षे लेथ चालवणारे मामा म्हणाले, “साहेब, टार्गेट वाढवायला आलात का?” त्यांची शंका रास्त होती, कारण यापूर्वी घड्याळ घेऊन आलेल्यांनी तेच केले होते. मी वही त्यांच्याच हाती दिली. वेळ मी सांगायचा आणि नोंद त्यांनी करायची, असे ठरले. नव्याने नोकरीला लागलेल्यांना मी आजही पहिली हीच गोष्ट सांगतो, कारण ज्याचे काम मोजायचे त्याला बाजूला ठेवून केलेली मोजणी बहुधा खोटी निघते.

जुन्या जॉबच्या शेवटच्या नगापासून नव्या जॉबचा पहिला नग पास होईपर्यंत 112 मिनिटे लागली. त्यांपैकी जॉ (चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, नग धरणारे जबडे) बदलणे, ते बोअर करणे म्हणजे आतून मापात कोरणे, इन्सर्ट (कापणारी पाती) लावणे आणि ऑफसेट घेणे म्हणजे हत्यारांची मापे मशीनला देणे ही खरी कामे 40 मिनिटांची होती. 41 मिनिटे वस्तू गोळा करण्यात गेली: प्लग गेज (भोकाचे माप तपासण्याचे साधन) क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागाच्या कपाटात, जॉ दुसऱ्या मशीनच्या रॅकमध्ये, आणि इन्सर्ट स्टोअरमध्ये, जिथला माणूस डबा खायला गेला होता. उरलेली 31 मिनिटे पहिला नग तपासणीच्या टेबलावर नुसता पडून होता.

जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी 1950 साली हिरोशिमातील माझदाच्या कारखान्यात हेच पाहिले होते. मोठ्या प्रेसची डाय (साचा) बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार तासाभराहून अधिक काळ तो शोधत फिरला आणि अखेर दुसऱ्या प्रेसचा लांब बोल्ट आणून, तो कापून, त्याला आटे पाडून त्याने वेळ भागवली. मशीन थांबल्यावरच करता येणारी कामे आणि मशीन चालू असतानाच उरकता येणारी कामे वेगळी करायची, हे सूत्र शिंगो यांना तिथे गवसले. पुढे 1969 मध्ये टोयोटात 1000 टनी प्रेसची चार तासांची डायबदली अखेरीस तीन मिनिटांवर आली.

आमचे यश इतके डोळे दिपवणारे नव्हते. जुना जॉब संपण्याच्या अर्धा तास आधी जॉ, गेज, इन्सर्ट आणि ॲलन कीचा संच एका ट्रॉलीवर मांडायचा आणि पहिला नग कधी येईल हे क्यूसीला आधीच कळवायचे, एवढे दोनच बदल आम्ही केले. महिन्याभरात सेटिंग 58 मिनिटांवर आले. त्याखाली ते फारसे उतरले नाही, कारण जॉबची एककेंद्रता राखायची तर सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) त्याच चकवर बोअर करावे लागतात, आणि ते काम मशीन थांबवल्याशिवाय होत नाही.

मग हाच हिशोब मी आठवडाभर स्वतःचा ठेवला, आणि तो मामांच्या हिशोबापेक्षा लाजिरवाणा निघाला. ड्रॉइंग शोधणे, ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहणे आणि मोडलेली तंद्री पुन्हा लावणे यांतच माझी सकाळ संपत असे. माझ्या बाबतीत मशीन म्हणजे सकाळचे ते दोन-अडीच तास, ज्यांत डोके ताजे असते. म्हणून उद्याच्या कामाची फाइल, त्यातील शंका आणि ग्राहकाला पाठवायचे प्रश्न मी आदल्या संध्याकाळीच मार्गी लावू लागलो. ब्रेकडाउन असेल तर फोन करा, बाकीचे प्रश्न अकरा आणि चारच्या फेरीत विचारा, असे सुपरवायझरांशी ठरवले. प्रारंभी दोघांनी नाके मुरडली. परंतु मी ठरल्या वेळी खरोखरच येतो हे दिसल्यावर एरवीचे फोन आपोआप कमी झाले. (हल्ली शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ओके सर’चा जो पाऊस पडतो, त्यावर मात्र मला अजून उपाय सापडलेला नाही.)

तयारीतील एका बाबीची किंमत मी मोजली आहे. घाईच्या एका दिवशी डेस्कटॉपवर पडलेल्या ड्रॉइंगवरून मी शीट तयार केली. ते ड्रॉइंग रिव्हिजन ‘बी’चे, म्हणजे जुन्या आवृत्तीचे होते आणि ग्राहकाने ‘सी’मध्ये बोअरचा, म्हणजे भोकाचा टॉलरन्स (मापातील चालणारा फरक) आवळला होता. साठ नग लाल पेटीत, म्हणजे नाकारलेल्या मालात गेले आणि चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून संध्याकाळी निघण्यापूर्वी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील रिव्हिजनचे अक्षर मास्टर यादीशी पडताळून मी ते खिशातल्या वहीत लिहितो, आणि सकाळी शीटच्या पहिल्या ओळीत तेच अक्षर टाकतो. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत.