मोठ्या संख्येचे अवयव हाताने कसे पाडावेत

मोठी संख्या दिसली की बरेच जण थेट विभाजकांची यादी करायला बसतात. तसे करू नका. आधी मूळ अवयव पाडा. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, हे सगळे त्यातूनच निघते. उदाहरणाला ५,७९,६७२ घेऊ.

शेवटचे तीन अंक ६७२, म्हणून ८ ने भाग जातो. अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ नेही. ७२ ने भागले की उरते ८०५१. ती विषम, अंकांची बेरीज १४, शेवटी ५ किंवा ० नाही. २, ३, ५ संपले.

खरी मारामारी इथून पुढे. ‘निम्म्यापर्यंत भागून बघा’ हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो, तो विसरा. वर्गमूळापर्यंत पुरे, कारण दोन अवयवांतला लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. ९० चा वर्ग ८१००, म्हणजे ८९ च्या पुढे जायचे कारण नाही. आणि भागायचे ते फक्त मूळ संख्यांनी. ४९ आणि ५१ ने भागत बसलेले कोणी दिसले की मला राहवत नाही.

७, ११, १३ यांचा निकाल एकदम लागतो, कारण तिघांचा गुणाकार १००१. ८०५१ मधून ८००८ वजा करा, उरले ४३. त्याला तिघांपैकी एकानेही भाग जात नाही, म्हणून ८०५१ लाही नाही.

पुढे १७, १९, २३ करत पन्नाशी गाठली तरी हाती काही लागत नाही. इथेच लोक कंटाळून ‘मूळ संख्या’ असे लिहून मोकळे होतात. थांबा, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत लावून बघा: संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून मांडायची. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ९०. तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा: ८१०० − ८०५१ = ४९, म्हणजे ७ चा वर्ग. झाले! अवयव ९० − ७ आणि ९० + ७, म्हणजे ८३ आणि ९७. बाकी पूर्ण वर्ग नसती, तर ९१, ९२ असे पुढे जायचे. नुसत्या भागाकाराने ७ पासून ८३ पर्यंत वीस भागाकार झाले असते.

पण ही रीत सरसकट वापरू नका. अवयव एकमेकांजवळ असले तरच ती पावते. ८०५७ = ७ × ११५१ घ्या. तिथे ९० पासून थेट ५७९ पर्यंत चढावे लागते, आणि ७ ने मात्र एका भागाकारात काम होते. म्हणून आधी लहान मूळ संख्या, मग फर्माच्या चार-पाच पायऱ्या, तरीही जमले नाही तर मुकाट्याने उरलेले भागाकार.

बाकीचे सोपे. २ तीनदा, ३ दोनदा, ८३ आणि ९७ एकेकदा; प्रत्येकात एक मिळवून गुणा: ४ × ३ × २ × २ = ४८ विभाजक. त्यांची बेरीज (१+२+४+८) × (१+३+९) × (१+८३) × (१+९७), म्हणजे १५ × १३ × ८४ × ९८ = १६,०५,२४०. त्यातून ती संख्या वगळली तरी १०,२५,५६८ उरतात, संख्येपेक्षा जास्त, म्हणजे ही विपुल संख्या. ८३ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि ८३ एकदाच आला आहे. अशी मूळ संख्या विषम वेळा आली की ती संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. शोधू नका.

संख्या १५ अंकांपेक्षा मोठी असेल तर ती एक्सेलमध्ये टाकू नका. सोळाव्या अंकापासून पुढे तिथे शून्ये होतात, आणि तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसता.